शशशृंग

तर्कशास्त्राच्या वर्गांत ‘जें मुळींच नाहीं’ अशा वस्तूचें उदाहरण देण्याची वेळ आली म्हणजे आमच्या जुन्या पंडितांनीं घडवून ठेवलेलीं तीन नांवें अध्यापकाच्या तोंडीं आपोआप येतात: आकाशपुष्प, वंध्यापुत्र आणि शशशृंग. आकाशांत फूल उमलत नाहीं, वांझेला मूल होत नाहीं आणि सशाला शिंग फुटत नाहीं. शब्द आहे, परंतु त्या शब्दामागें वस्तु नाहीं, हें विद्यार्थ्याच्या मनावर ठसविण्यास ह्या त्रयीइतकें सोयीचें साधन दुसरें नाहीं. गेलीं अठ्ठावीस वर्षें मीही तें वापरीत आलों. आतां मात्र त्यांतील तिसरें उदाहरण मीं सोडून दिलें आहे. सशाला शिंग फुटतें. प्रत्येक सशाला नव्हे, आणि तें गाईबैलांच्या शिंगासारखें हाडाच्या गाभ्याचेंही नव्हे. परंतु तें डोळ्यांनीं पाहतां येतें, हातानें चाचपतां येतें, आणि मनुष्यजातीच्या एका भयंकर रोगाविषयींचें ज्ञान मिळविण्यास त्याचा मोठाच उपयोग झालेला आहे.

ह्या शिंगाची माझी ओळख एका घरगुती प्रसंगानें झाली. गेल्या दिवाळींत माझी भाची आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरपणाला आली होती. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी लस मुलीला टोंचून घ्यावी, असें तिच्या डॉक्टरांनीं सुचविलें होतें, आणि तेवढ्यावरून घरांत खल चालला होता. फराळाचें ताट माझ्यापुढें ठेवतां ठेवतां ती म्हणाली, “मामा, तुम्हीच सांगा. पोरीला कांहीं झालेलं नाहीं. होण्याचं वयही नाहीं. मग आतांपासून टोंचायचं कशाला? पुढं देव न करो पण कांहीं निघालंच, तर तेव्हां टोंचूं. लस ती लसच ना?” प्रश्न वरवर पाहतां साधा; परंतु मला त्याचें उत्तर देतां येईना. मी वैद्यकाचा अभ्यासक नव्हे. तेव्हां मीं तिच्याकडून चार दिवसांची मुदत मागून घेतली आणि वाचावयास बसलों. चार दिवसांचे चार महिने झाले. उत्तर सांपडलें तें एका कोंबडीच्या, कांहीं सशांच्या आणि तीनचार चिवट संशोधकांच्या इतिहासांत. तो इतिहास येथें सांगण्याचा विचार आहे.

प्रथम एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. बाहेरून रोगजंतु किंवा विष शरीरांत शिरलें म्हणजे शरीर त्या विशिष्ट शत्रूला नेमकी चिकटून त्याला निकामी करणारीं कांहीं द्रव्यें रक्तांत तयार करतें. इंग्रजींत त्यांना अँटिबॉडी म्हणतात. मराठींत प्रतिपिंड हा शब्द रूढ झाला आहे. इ. स. १८९० सालीं बर्लिन येथें बेरिंग आणि कितासातो ह्या दोघांनीं असें दाखविलें कीं, धनुर्वाताचें विष पचवूं शकणाऱ्या जनावराचा रक्तरस दुसऱ्या जनावराला टोंचला तर त्याचेंही त्या विषापासून रक्षण होतें. संरक्षणाची शक्ति रक्तांत आहे आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे देतां येते, हा त्या प्रयोगाचा अर्थ. ह्या विचाराचा तेव्हां केवढा दबदबा होता हें मुंबईकरांना सांगावयास नको. १८९७ च्या जानेवारींत हाफकिन यानें ग्रँट मेडिकल कॉलेजांत तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःलाच टोंचून घेतली, तें ह्याच विश्वासाच्या बळावर. विसावें शतक उजाडलें तेव्हां जाणत्या लोकांची समजूत अशी झाली होती कीं, रोग म्हणजे जंतु, आणि जंतूवर उतारा म्हणजे प्रतिपिंड.

कर्करोग मात्र ह्या समजुतीच्या चौकटींत कोठेंच बसेना. तो स्पर्शानें होत नाहीं, साथीनें पसरत नाहीं. शरीराच्याच पेशी बेलगाम होऊन वाढतात. शत्रु बाहेरून आलेलाच नसेल तर रक्तानें शस्त्र उपसावें कोणावर? १९०८ सालीं कोपनहेगन येथील एलरमान व बांग ह्यांनीं कोंबड्यांतील श्वेतकणांचा एक रोग, पेशी गाळून काढलेल्या द्रवानें एका कोंबडीपासून दुसरीला देतां येतो, असें दाखविलें. परंतु तो रोग कर्करोगाच्या सदरांत मोडतो असें त्या वेळीं कोणी मानीत नसल्यामुळें त्यांच्या निबंधाकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

पुढच्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत पेटन राउस ह्या तिशींतील डॉक्टराकडे प्लिमथ रॉक जातीची एक कोंबडी आली. तिच्या छातीवर मोठी गांठ होती. राउसनें त्या गांठीचे तुकडे त्याच जातीच्या दुसऱ्या कोंबड्यांत रोंवले आणि गांठ त्यांच्यांत वाढूं लागली. इतकें होणें अपेक्षितच होतें. मग त्यानें ती गांठ वाटली आणि तो रस अतिसूक्ष्म छिद्रांच्या चिनी मातीसारख्या गाळणींतून गाळला. त्या छिद्रांतून पेशी तर नव्हेच, परंतु साधे जंतुही पार होऊं शकत नव्हते. त्या निवळ द्रवानेंही गांठ उत्पन्न झाली. १९११ च्या आरंभीं हें वृत्त प्रसिद्ध झालें. गांठ उत्पन्न करणारें, पेशींहून निराळें आणि गाळणींतून पार होणारें असें कांहीं तरी तिच्यांत होतें. आज आपण त्याला बेलाशक विषाणु म्हणतों; राउसनें तो शब्द वापरण्याचें धाडस तेव्हां केलें नाहीं.

त्याच्या पदरीं काय पडलें? कांहींनीं सांगितलें कीं गाळणी फुटकी असावी. कांहीं म्हणाले कीं ही मुळीं खरी कर्काची गांठच नव्हे. आणि पुष्कळांनीं ‘कोंबडी ती कोंबडी’ म्हणून मान फिरविली. राउसनें उंदरांच्या गांठींतून असाच विषाणु मिळविण्याची खटपट केली. ती साधली नाहीं. १९१५ च्या सुमारास त्यानें हा विषय सोडला आणि रक्त टिकवून ठेवण्याच्या पद्धतीकडे तो वळला. पहिल्या महायुद्धांत जखमी शिपायांना साठविलेलें रक्त देणें शक्य झालें, त्यांत त्या कामाचा वांटा मोठा आहे.

परंतु विषय सोडण्यापूर्वीं, १९१३ सालीं, त्यानें एक बारीकशी गोष्ट नोंदवून ठेवली होती. कांहीं कोंबड्या त्या गांठीला दाद देत नाहींत. परंतु हा प्रतिकार एका जातीचा नाहीं. गांठ उत्पन्न करणाऱ्या कारकाला होणारा विरोध ही एक गोष्ट आणि रोंवलेल्या गांठीच्या पेशींना होणारा विरोध ही दुसरी गोष्ट. तर्कशास्त्राच्या शिक्षकाला हा भेद वाचून आनंद होतो. चोराला अडविणें आणि चोरानें फितविलेल्या घरच्या नोकराला अडविणें ह्या दोन निरनिराळ्या विद्या आहेत, असेंच जणूं तो म्हणत होता. पुढच्या शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे ह्या एका वाक्याचें भाष्य आहे.

आतां आपल्या सशाकडे वळूं. युरोपांतील सोळाव्या ते अठराव्या शतकांतील प्राण्यांच्या ग्रंथांत शिंगें असलेल्या सशाचीं चित्रें आढळतात, आणि अमेरिकेच्या पश्चिमेकडील प्रांतांतही शिंगाळ सशांच्या गप्पा शिकारी लोक रंगवून सांगत. रिचर्ड शोप हा आयोवा प्रांतांतला. शेतकरी व शिकारी लोकांचें बोलणें लक्षपूर्वक ऐकण्याची त्याला संवय होती. रॉकफेलर संस्थेच्या प्रिन्स्टन येथील प्राणिरोगशाखेंत तो काम करीत असे, आणि डुकरांच्या इन्फ्लुएंझावरील संशोधनानें त्याचें नांव झालेलें होतें. आयोवा व कॅन्सस भागांतील कापसाच्या बोंडासारखें पांढरें शेपूट असलेल्या रानसशांच्या अंगावर व डोक्यावर काळीं, टणक, शिंगासारखीं वाढलेलीं टोकें दिसतात, असें कळल्यावर त्यानें तीं मागविलीं. तीं शिंगें म्हणजे भयंकर वाढलेल्या चामखिळी होत्या. त्यानें त्या वाटल्या, रस गाळला आणि दुसऱ्या सशांच्या ओरखडलेल्या कातडीवर चोळला. कांहीं दिवसांतच तेथें चामखिळी उगवल्या. १९३३ सालीं हा निबंध प्रसिद्ध झाला, आणि हजारों वर्षें ज्याचें अस्तित्व नाहीं म्हणून आम्ही शपथ वाहत होतों त्या शशशृंगाचें कारण विषाणु आहे असें ठरलें.

ह्या निबंधांत शोपनें प्रतिपिंडांविषयीं जें लिहिलें तें फार महत्त्वाचें आहे. ज्या सशाच्या अंगावर चामखिळी आहेत त्याला पुन्हां विषाणु चोळला तर नवी चामखीळ सहसा उगवत नाहीं, किंवा उगवलीच तर थोडकी. आणि अशा सशाचा रक्तरस विषाणूंत मिसळला तर विषाणु पुष्कळ अंशीं किंवा पूर्णपणें निकामी होतो. म्हणजे सशाच्या रक्तानें शस्त्र उपसलें होतें. १९३७ सालीं त्यानें आणखी एक पाऊल पुढें टाकलें. विषाणूचा रस कातडीवर न चोळतां पोटाच्या पोकळींत टोंचला तर सशाला चामखीळ होत नाहीं. प्रतिपिंड मात्र होतात, आणि नंतर कातडीवर विषाणु चोळला तरी ससा सुरक्षित राहतो. हीच पुढें सत्तर वर्षांनीं आमच्या मुलींच्या दंडांत टोंचली जाऊं लागलेल्या लशीची पहिली पुसट रेघ.

परंतु एक कोडें होतें. नव्या चामखिळींना दाराबाहेर ठेवणारें तें रक्त जुन्या चामखिळींना हातही लावीत नव्हतें. त्याच सशाच्या पाठीवर जुनें शिंग डौलानें वाढत राही. तपासावें तों प्रतिपिंडांनीं रक्त भरलेलें, आणि शिंग रोज जाडच होत चाललेलें!

शोपनें मोठ्या मनानें हा विषाणु राउसच्या स्वाधीन केला. वीस वर्षांपूर्वीं मिटलेलें पान राउसनें पुन्हां उघडलें. १९३४-३५ च्या सुमारास बिअर्ड ह्या सहकाऱ्याबरोबर त्यानें दाखविलें कीं, पाळीव सशांत ह्या चामखिळी कांहीं महिन्यांनीं खऱ्याखुऱ्या कर्करोगांत पालटतात. त्या खोल रुजतात, दूरच्या अवयवांत पसरतात आणि सशाचा प्राण घेतात. सस्तन प्राण्यांतही विषाणूपासून कर्क होतो, हें आतां नाकारतां येईना. मग जॉन किड ह्या दुसऱ्या सहकाऱ्यानें कोड्याला हात घातला. ज्यांच्या रक्तांत आधींच प्रतिपिंड आहेत, ज्यांच्या रक्तांत नंतर झाले, आणि ज्यांच्यांत फारसे झालेच नाहींत, असे ससे त्यानें वर्षानुवर्षें नजरेखालीं ठेवले. १९३८ सालीं त्यानें निष्कर्ष मांडला. विषाणूच्या आधीं प्रतिपिंड हजर असतील तर ते संसर्ग होऊं देत नाहींत. परंतु चामखीळ एकदां वाढीस लागली म्हणजे रक्तांतील त्यांचें प्रमाण कितीही चढो, तिच्या वाढीवर त्याचा परिणाम होत नाहीं. कांहीं भाग्यवान सशांच्या चामखिळी आपोआप जिरून जातात. तें जिरणेंही प्रतिपिंडांच्या मापावर अवलंबून नसतें. तेथें शरीराचा विरोध विषाणूला नसून पेशींना असतो. राउसचा १९१३ चा भेद पंचवीस वर्षांनीं सशाच्या अंगावर पुन्हां उमटला.

असें कां व्हावें? आज त्याचें कारण चांगलें समजलें आहे. प्रतिपिंड हे रक्तांत आणि पेशींच्या अवतीभोंवतीं फिरणारे पहारेकरी आहेत. जिवंत पेशीच्या आंत त्यांना प्रवेश नाहीं. शिवाय त्यांची ओळख विषाणूच्या अंगरख्याशीं असते. चामखिळीचा विषाणु कातडीच्या बारीक जखमेंतून शिरून अगदीं तळच्या थरांतील पेशींत जाऊन बसतो; आणि आंत शिरला कीं अंगरखा टाकून देतो. राहतो तो केवळ त्याच्या जनुकांचा धागा. तो धागा पेशीला ‘वाढ, वाढ’ म्हणून हुकूम सोडीत राहतो. नवे अंगरखे शिवले जातात ते कातडीच्या सर्वांत वरच्या, मरणपंथास लागलेल्या पेशींत. आणि पाळीव सशांत तर तेही फारसे शिवले जात नाहींत. ज्या पेशी वाढतात त्यांत अंगरखा नाहीं, आणि जेथें अंगरखा आहे तेथें वाढ नाहीं. पहारेकऱ्यानें ओळखावें तरी कोणाला? आमच्या भाषेंत ह्याला ‘वरातीमागून घोडें’ म्हणतात. घोडें चांगलें असतें, सजविलेलेंही असतें. वरात तेवढी पुढें गेलेली असते.

किड आणि राउस ह्यांच्या आणखी एका प्रयोगाचा मोह आवरत नाहीं. एका पाळीव सशाच्या चामखिळीचा कर्क झाला होता. तो त्यांनीं एका सशांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत असा रोंवीत नेला. त्या गांठींतून जिवंत विषाणु कधींच मिळाला नाहीं. परंतु १९४० सालीं त्यांनीं दाखविलें कीं, ज्या सशांना विषाणूचा कधीं वाराही लागला नव्हता त्यांच्यांत ही गांठ रोंवली तर त्यांच्या रक्तांत चामखिळीच्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंड उत्पन्न होतात. चोर दिसत नव्हता, परंतु कुत्रें भुंकत होतें. अर्थात् चोर घरांत होता. पुढें गांठ अनेक पिढ्या रोंवली गेल्यावर तें भुंकणेंही बंद पडलें. १९५२ सालीं राउस, किड व त्यांच्या सहकाऱ्यानें तशी कबुली दिली. तेव्हां वाटलें कीं विषाणु निघून गेला आणि कर्क स्वतंत्रपणें जगूं लागला. नंतरच्या काळांत जनुकें तपासण्याचीं साधनें हातीं आलीं तेव्हां आढळलें कीं त्या गांठीच्या पेशींत विषाणूचीं जनुकें अद्याप ठाण मांडून बसलेलीं आहेत. त्यानें फक्त आपली ओळख पटण्याजोगी खूण मागें ठेवावयाचें सोडलें होतें. रक्ताची साक्ष मोलाची खरी. परंतु साक्षीदार गप्प बसला म्हणजे गुन्हा घडलाच नाहीं, असें मानण्यांत केवढा धोका आहे तें ह्यावरून दिसतें.

उंदरांच्या राज्यांत ह्या कथेला आईची बाजू आहे. १९३६ सालीं बिटनर यानें दाखविलें कीं, कांहीं जातींच्या उंदरिणींत होणारा स्तनाचा कर्क पिलांना आईच्या दुधांतून मिळतो. तीं पिलें निरोगी जातीच्या दाईजवळ वाढविलीं तर तो पुष्कळच टळतो. दुधांतील तो ‘कारक’ म्हणजे विषाणूच होता. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनीं आयुष्याचीं अनेक वर्षें ह्याच रोगाच्या अभ्यासाला वाहिलीं. अनुवंश, संप्रेरकें आणि विषाणु ह्यांची गुंतागुंत त्यांनीं उंदरांच्या निरनिराळ्या वंशांत तपासून पाहिली. पुण्यांत जन्मलेल्या ह्या विदुषीचें नांव आमच्या घरांत अजून पुरेसें पोंचलेलें नाहीं, ही खेदाची गोष्ट आहे. दुसऱ्या बाजूस, सेरा स्ट्यूअर्ट व बर्निस एडी ह्या दोन अमेरिकन स्त्रियांनीं १९५७-५८ च्या सुमारास पॉलिओमा नांवाचा विषाणु अभ्यासिला. तो नुकत्याच जन्मलेल्या पिलाला टोंचला तर त्याच्या अंगभर नाना प्रकारच्या गांठी होतात. मोठ्या उंदराला टोंचला तर तो प्रतिपिंड तयार करून मोकळा होतो. हा विषाणु रानांतल्या उंदरांत सर्रास आढळतो. तरी गांठी क्वचितच दिसतात, कारण बाधा होऊन गेलेल्या आईचे प्रतिपिंड पिलाला मिळतात आणि पहिले धोक्याचे दिवस ते निभावून नेतात. एका आईच्या दुधांतून रोग, दुसरीच्या रक्तांतून कवच. निसर्गाला आपण माता म्हणतों तें दोन्ही अर्थांनीं खरें आहे.

मग आधींच फितलेल्या पेशींचा समाचार कोण घेतो? १९६१ सालीं अमेरिकेंत हाबेल आणि स्वीडनमध्यें श्योग्रेन ह्या दोघांनीं एकमेकांपासून स्वतंत्रपणें दाखविलें कीं, पॉलिओमाची बाधा होऊन गेलेला प्रौढ उंदीर त्या विषाणूनें झालेली गांठ रोंवली तरी ती झिडकारून टाकतो. हें काम मुख्यतः प्रतिपिंडांचें नसून लिंफोसाइट नांवाच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या एका वर्गाचें आहे, हें पुढें स्पष्ट झालें. किडच्या भाग्यवान सशांच्या चामखिळी जिरविणारे हात ते हेच.

ही शहाणीव व्यवहारांत प्रथम उपयोगी पडली ती कोंबड्यांना. बुडापेस्टचा पशुवैद्य योझेफ मारेक यानें १९०७ सालीं पायांनीं लुळ्या पडलेल्या कोंबड्यांचें वर्णन केलें होतें. त्या रोगांत लिंफोसाइटांच्या गांठीही होतात. १९६७ सालीं इंग्लंडांत त्याचा विषाणु सांपडला. १९६९ सालीं लस झाली. आणि पाठोपाठ अमेरिकेंत टर्की पक्ष्याच्या निरुपद्रवी विषाणूपासून दुसरी लस निघाली. कोणत्याही प्राण्यांतील कर्करोगाला रोखणारी ही पहिली यशस्वी लस. परंतु तिचें यश एकांगी आहे. हा विषाणु एका पेशींतून शेजारच्या पेशींत परस्पर जातो, त्यामुळें प्रतिपिंडांच्या हातीं तो नीट सांपडत नाहीं. लस गांठी होऊं देत नाहीं, परंतु संसर्ग थांबवीत नाहीं. अँड्र्यू रीड व त्याच्या सहकाऱ्यांनीं २०१५ सालीं प्रयोगानें दाखविलें कीं, अत्यंत जहाल विषाणूनें लस न टोंचलेल्या कोंबड्या इतक्या लवकर मरतात कीं त्यांना रोग पसरविण्यास अवसरच मिळत नाहीं. लस टोंचलेल्या कोंबड्या मात्र जगतात आणि तोच जहाल विषाणु इतरांना देत राहतात. अर्धवट कवच घालणाऱ्याचें रक्षण करतें आणि शेजाऱ्याला संकटांत टाकूं शकतें.

मांजरांची हकीकत ह्याहून बोलकी आहे. ग्लासगोचा विल्यम जॅरेट यानें १९६४ सालीं मांजरांतील अशाच कर्काचा विषाणु शोधून काढला. हा मांजरामांजरांत, मुख्यतः लाळेनें, पसरतो. बाधा झालेल्या मांजरांचे दोन भाग पडतात. ज्यांच्या रक्तांत विषाणूला निकामी करणारे प्रतिपिंड वेळेवर तयार होतात तीं बहुधा तरून जातात. ज्यांच्यांत ते होत नाहींत त्यांच्या रक्तांत विषाणु कायमचा घर करतो, आणि त्यांतील पुष्कळ कांहीं वर्षांत दगावतात. १९८५ सालीं अमेरिकेंत ह्या रोगावरही लस निघाली.

प्रतिपिंडांची आणखी एक सेवा सांगितल्याशिवाय पुढें जाणें कृतघ्नपणाचें होईल. गांठ झालेल्या जनावराला ते वांचवूं शकले नाहींत, परंतु त्यांनीं संशोधकांच्या हातीं कंदील दिला. गांठीनें पछाडलेल्या प्राण्याचें रक्त त्या गांठीच्या आंतील प्रथिनांविरुद्धही प्रतिपिंड तयार करतें. तें रक्त घेऊन पेशींच्या रसांत शोध केला तर नेमकें तें प्रथिन हातीं लागतें. १९७७ सालीं ब्रूग व एरिक्सन ह्यांनीं राउसच्या कोंबडीच्या विषाणूनें ज्यांना गांठी झाल्या होत्या अशा सशांचा रक्तरस घेतला, आणि पेशीला बेलगाम करणारें त्या विषाणूचें प्रथिन त्याच्या साह्यानें प्रथमच वेगळें काढलें. १९७९ सालीं अशाच उपायानें, माकडाच्या एका विषाणूचा अभ्यास करतां करतां, पी-५३ नांवाचें प्रथिन उजेडांत आलें. मनुष्याच्या निम्म्याच्या आसपास कर्करोगांत त्याचें जनुक बिघडलेलें असतें, असें पुढें आढळलें. स्वतःला न वांचवूं शकलेल्या मुक्या जनावरांच्या रक्तानें दुसऱ्यांना वाट दाखविली.

राउसला नोबेल पारितोषिक मिळालें तें १९६६ सालीं, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षीं. त्याच्या शोधाला तेव्हां पंचावन्न वर्षें झालीं होतीं. त्यानंतर चार वर्षांनीं, १९७० सालीं, तो वारला. मनुष्याच्या गर्भाशयमुखाच्या कर्काशीं चामखिळीच्याच कुळांतील विषाणूंचा संबंध हाराल्ड झुर हाउझेन यानें १९८०च्या दशकांत सिद्ध केला. आतां शोपच्या १९३७ च्या प्रयोगाकडे परत जाण्याची वेळ आली होती. परंतु कर्क करणारा जिवंत विषाणु निरोगी मुलीला टोंचणार कसा? १९९१ सालीं ऑस्ट्रेलियांत जियान झोउ व इयन फ्रेझर ह्यांनीं त्यांतून वाट काढली. विषाणूच्या अंगरख्याचें जनुक तेवढें घेऊन त्यापासून प्रथिन बनविलें तर तें आपोआप पोकळ गोळ्याच्या आकारांत जुळतें. बाहेरून हुबेहूब विषाणु. आंत जनुक मुळींच नाहीं. शिंपी आला, अंगरखा शिवला, अंगांत घालणारा कोणी नाहीं! अमेरिकेंत लोवी व शिलर ह्यांच्या प्रयोगशाळेनें हें तंत्र अधिक पक्कें केलें. १९९५ सालीं सशांवर व कुत्र्यांवर त्याची परीक्षा झाली. पोकळ अंगरख्याची लस दिलेल्या सशांना शोपच्या विषाणूपासून संरक्षण मिळालें. कुत्र्यांच्या तोंडांतील चामखिळी अजिबात टळल्या. आणि लस दिलेल्या जनावरांचे प्रतिपिंड दुसऱ्या जनावरांना टोंचले तर तींही सुरक्षित राहिलीं. १८९० सालच्या बेरिंग-कितासातोंच्या प्रयोगाचीच ही पुनरावृत्ति. कवच कोठें आहे ह्याविषयीं आतां शंका उरली नाहीं. २००६ सालीं मनुष्यांसाठीं लस निघाली. आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें तयार केलेली लस २०२३ सालीं आपल्या देशांत मिळूं लागली.

हें सर्व वाचून झाल्यावर मीं भाचीला पत्र लिहिलें. त्यांत लिहिलें कीं, “तुझ्या प्रश्नांतील ‘तेव्हां’ हा शब्द चुकीचा आहे. ‘तेव्हां’ टोंचलेली लस प्रतिपिंड उत्पन्न करील, पुष्कळ करील. परंतु ते रक्तांत फिरत राहतील आणि रोग पेशीच्या आंत बसलेला असेल. किडच्या सशांच्या रक्तांत त्यांची उणीव नव्हती. त्यांचें शिंग तरीही वाढतच गेलें. पोरीला कांहीं झालेलें नाहीं हें तूं लस न देण्याचें कारण समजतेस. लस देण्याचें कारण नेमकें तेंच आहे.” आणखी एक ओळ मुद्दाम घातली: अशी लस घेतलेल्या स्त्रीनेंही पुढें योग्य वयांत वेळोवेळीं तपासणी करून घ्यावी, कारण ह्या विषाणूंच्या जाती पुष्कळ आहेत, आणि लस त्यांतील मुख्य जातींनाच अडविते.

माझ्या धंद्यांतील माणसाला ह्या इतिहासांत एक धडा दिसतो तो असा. एखादा उपाय रोगी माणसावर चालला नाहीं म्हणजे तो निरुपयोगी ठरतो, असें अनुमान आपण सहज करतों. शोप, राउस आणि किड ह्यांनीं तें केलें नाहीं. ‘हें रक्त जुन्या शिंगाला हात लावीत नाहीं, पण नव्याला उगवूं देत नाहीं,’ अशीं दोन वाक्यें त्यांनीं शेजारीं शेजारीं लिहून ठेवलीं, आणि त्यांपैकीं एकही दुसऱ्यासाठीं खोडलें नाहीं. त्या दोन वाक्यांच्या मध्यें जी फट राहिली तींतूनच साठ वर्षांनीं वाट निघाली.

भाचीनें लस टोंचून घेतल्याचें कळविलें. ह्या उन्हाळ्याच्या सुटींत नात माझ्याकडे आली तेव्हां दंडाची बाही वर करून तिनें मला जागा दाखविली. तेथें खूण कसलीच उरलेली नव्हती. मग माझ्या टेबलावरील सशाचें चित्र उचलून तिनें विचारलें, “आजोबा, सशाला खरंच शिंग असतं?”

अठ्ठावीस वर्षें ह्या प्रश्नाचें जें उत्तर मीं दिलें होतें, तें मीं तिला दिलें नाहीं.